हलका बोर्ड, जड पिशवी: खान्देशातल्या पाण्यासाठी हवा भरायचा पॅडलबोर्ड

पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची तरंगती फळी. हवा भरायच्या बोर्डाच्या जाहिरातीत 'फक्त साडेआठ किलो' असं ठळक छापलेलं असतं. ते नुसत्या बोर्डाचं वजन. सगळं सामान भरून पिशवी काट्यावर ठेवली की हिशेब असा लागतो: बोर्ड ८.५ किलो, हातपंप १.२, तीन तुकड्यांचं वल्हं ०.९, पिशवी १.५, लीश (बोर्ड अंगाला बांधायची दोरी) ०.३, फिन (बोर्डाखालचा, तो सरळ चालवणारा पर) पाव किलो, दुरुस्तीची डबी ०.२ आणि फोमचं लाइफ जॅकेट ०.६. झाले साडेतेरा. पिण्याचं चार लिटर पाणी घेतलं की साडेसतरा. परतताना ओला बोर्ड आणि ओली पिशवी आणखी किलोभर वाढवतात. म्हणजे रावेरकडचा केळीचा बेताचा घड पाठीवर घेऊन चालायचं, असा हा मामला आहे.

आपल्याकडे या आकड्याला फार महत्त्व आहे, कारण इथे पाणी एका जागी थांबत नाही. दिवाळीच्या सुमारास हतनूर, वाघूर, गिरणा ही धरणं भरलेली असतात, गाडी पार काठापर्यंत जाते. मार्च उजाडला की आवर्तनं सुटून पाणी मागे हटतं आणि रस्ता व पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. तिथे गाडी नेली तर रुतते. सामान पाठीवरच न्यावं लागतं. नर्मदेच्या फुगवट्याकडे, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, तर वर्षभर उतरण आणि चढण आहेच. म्हणून बोर्ड निवडताना पहिला प्रश्न 'पाण्यावर कसा चालतो' हा नाही. 'गाडीपासून पाण्यापर्यंत कोण नेणार' हा आहे.

निवाडा आधीच सांगून टाकतो. स्वतःची गाडी असेल आणि एका दमात दहा-बारा किलोमीटर वल्हवायचं असेल, तर १२ फूट ६ इंच लांब, ३० इंच रुंद, ६ इंच जाड टूरिंग बोर्ड. रेल्वे, एसटी किंवा मोटारसायकलने जायचं असेल, तर ११ फुटी, ३२ इंची, उभा दुमडणारा कॉम्पॅक्ट बोर्ड. सरसकट विकला जाणारा १० फूट ६ इंची ऑलराउंड शिकायला, पोरांना खेळायला उत्तम. टूरिंगला त्याचं रुंद, गोल नाक प्रत्येक वल्ह्याला पाणी ढकलत बसतं. निवांत वल्हवताना तो तासाला चार-साडेचार किलोमीटर जातो, टोकदार नाकाचा साडेबारा फुटी त्याच मेहनतीत पाच-साडेपाच. तीन तासांच्या फेरीत हा फरक खांद्यांना कळतो.

आता हलकेपणा येतो कुठून ते बघू, कारण तो फुकट येत नाही. या बोर्डाच्या आत ड्रॉप-स्टिच कापड असतं: वरच्या आणि खालच्या पडद्याला जोडणारे हजारो धागे. हवा भरली की बोर्ड फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो तो या धाग्यांमुळे. त्यावर पीव्हीसीचा थर. जुन्या पद्धतीच्या दुहेरी बोर्डात दुसरा थर हाताने गोंद लावून चिकटवतात. वजन अकरा-बारा किलोंवर जातं, मात्र काठावर घासाघीस झाली तरी बोर्ड टिकतो. नव्या फ्यूजन पद्धतीत दुसरा थर कारखान्यातच उष्णता आणि दाबाने बसवतात. मधला गोंद वाचतो, दीड-दोन किलो कमी होतात, ताठपणा तसाच राहतो. टूरिंगसाठी पैसे घालायचे तर इथे घालावेत.

तिसरा प्रकार म्हणजे एकेरी थराचा, स्वस्त आणि हलका. सहा-सात किलोंचा बोर्ड दिसला की बहुतेक वेळा हाच असतो, नाहीतर जाडी ६ इंचांऐवजी पावणेपाच केलेली असते. जाडीत केलेली काटकसर सगळ्यात महाग पडते. बोर्डाचा ताठपणा जाडीवर फार अवलंबून असतो. सव्वा इंच गेला की मध्यभागी उभं राहिल्यावर बोर्ड झोळीसारखा वाकतो आणि नाक व शेपूट वर उचलली जातात. पन्नास-पंचावन्न किलोंच्या माणसाला हे चालून जाईल. पंचाहत्तर किलोंचा माणूस, पुढे बारा किलोंची ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी), म्हटल्यावर अजिबात नाही. वजन कमी करायचंच असेल तर ईव्हीएचा, म्हणजे मऊ फोमचा, पॅड शेपटीपर्यंत न नेता उभं राहायच्या जागेपुरता ठेवलेला, जादा हँडल आणि डी-रिंगा (सामान बांधायच्या कड्या) काढलेला बोर्ड शोधावा. ६ इंच जाडी आणि कडांवरची जादा पट्टी मात्र सोडू नये.

बोर्डावर छापलेल्या वजनक्षमतेचंही तसंच. '१५० किलो' म्हणजे तेवढ्यात तो बुडणार नाही इतकंच. सरळ, सपाट चालायला हवा असेल तर छापील आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के धरून चला. म्हणजे माणूस आणि सामान मिळून पंचाण्णव किलो.

दुमडणीचं गणित विक्रेते सांगत नाहीत, पण सोपं आहे. नेहमीचा बोर्ड लांबीच्या दिशेने गुंडाळतात, त्यामुळे बोर्डाची रुंदी हीच गुंडाळीची लांबी होते. ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर, ३२ इंच म्हणजे ८१. त्यात तीन तुकड्यांच्या वल्ह्याचा सर्वांत लांब तुकडा पाऊणशे ते नव्वद सेंटिमीटरच्या घरात. म्हणून पिशवी सरासरी ९० × ४० × ३० सेंटिमीटर येते. मोटारसायकलवर ही पिशवी पाठीला लावली की मागे बसायला जागा उरत नाही, एसटीच्या वरच्या फळीवर ती मावत नाही. स्लीपरच्या खालच्या बर्थखाली मात्र आडवी सरकवता येते, आणि रेल्वेत वजनाचीही अडचण नाही; स्लीपरला ४० किलो सामान मोफत नेता येतं. विमानात गोष्ट वेगळी. बऱ्याच कंपन्या लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा पाळतात, आणि ९०, ४०, ३० ची बेरीज होते १६०. दोन सेंटिमीटरसाठी काउंटरवर हुज्जत. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोंचं मोफत सामान धरलं तर साडेतेरा किलोंची पिशवी जाते, कपडे केबिन बॅगेत.

कॉम्पॅक्ट बोर्ड आधी मधोमध उभा दुमडतात, मग गुंडाळतात. गुंडाळी निम्म्या रुंदीची, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास होते. या प्रकारात रेड पॅडल कंपनी या ब्रिटिश कंपनीचा 'कॉम्पॅक्ट' सगळ्यात ओळखीचा. त्याच्यासोबत वल्हंही पाच तुकड्यांचं येतं, नाहीतर आखूड पिशवीचा उपयोगच काय? हा प्रकार महाग आहे, परदेशातून मागवला तर किंमत लाखाच्या पुढे जाते आणि त्यावर सीमाशुल्क. पाच तुकड्यांच्या वल्ह्याला चार सांधे असतात, आणि प्रत्येक सांधा म्हणजे खडखडाट सुरू व्हायची एक जागा. सांध्यात वाळूचा एक कण गेला तरी तुकडा अडकतो. वल्हं उघडताना सांधे गोड्या पाण्यात बुचकळून काढायची सवय लावा, आणि ग्रीस लावू नका. त्याला वाळू आणखी चिकटते.

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त. बोर्डासोबत मिळणारं अॅल्युमिनियमचं वल्हं किलो-सव्वा किलोचं असतं आणि ते बोर्डापेक्षा जास्त छळतं, कारण बोर्ड एकदा उचलायचा असतो, वल्हं तासाला हजाराहून जास्त वेळा. बजेट अपुरं पडत असेल तर बोर्ड मधल्या किमतीचा घ्यावा आणि उरलेले पैसे फायबरग्लास किंवा कार्बनच्या वल्ह्यावर खर्चावेत.

पंपाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी पंपाच्या असतात आणि बोर्डाच्या माथी मारल्या जातात. साडेबारा फुटी बोर्डात तीनशेच्या आसपास लिटर जागा असते आणि दाब १२ ते १५ पीएसआय लागतो. हातपंपाने आठ-दहा मिनिटं. सुरुवातीला डबल-अॅक्शनवर ठेवा, म्हणजे दांडा वर ओढतानाही हवा जाते. सात-आठ पीएसआयला दांडा जड झाला की बटण काढून सिंगलवर या. गेजचा काटा पहिल्या चार-पाच मिनिटांत हलतच नाही. तो बिघडलेला नसतो, बोर्ड पूर्ण फुगेपर्यंत आत दाबच नसतो. नवा माणूस इथे कंटाळतो, बोर्ड हाताला टणक लागला की दहा पीएसआयवर थांबतो आणि मग 'बोर्ड लवचिक आहे' असा शेरा लिहून पाचातला एकच तारा देतो.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप सोयीचा, पण त्याचा फायदा गाडी जिथे थांबते तिथपर्यंतच. तिथे बोर्ड फुगवला की साडेबारा फुटांची फळी बगलेत धरून वाऱ्यात गाळ तुडवायचा. पाणी शंभर पावलांवर असेल तर ठीक. त्यापुढे हातपंपच बरा. बॅटरीचा पंप विमानात न्यायचा असेल तर बॅटरी १०० वॉट-अवरच्या आतली हवी आणि ती हातातल्या सामानात. १२ व्होल्ट, ६ अॅम्पिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर, चालतं. उन्हाळ्यात एक बोर्ड फुगवल्यावर विजेच्या पंपाला वीस मिनिटं सावलीत ठेवा. लागोपाठ दोन बोर्ड फुगवायला घेतले की दुसऱ्याच्या वेळी तो तापून मध्येच बंद पडतो.

उष्णता हा खान्देशातला खरा शत्रू. सकाळी २५ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड पाण्यातून काढून काठावर उन्हात ठेवला आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेअठराच्या आसपास जातो. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना गडद रंगाच्या पॅडखाली ६० अंश ही काही अतिशयोक्ती नाही. अशा वेळी आधी शिवण उसवते. कडेची पट्टी गोंदाने चिकटवलेली असेल तर गोंद मऊ होऊन ती हळूहळू सरकते, बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि त्यावर घरगुती इलाज नाही. उष्णतेने जोडलेली शिवण इथे शंभर टक्के पसंत करावी. खरेदीआधी विक्रेत्याला हा एक प्रश्न जरूर विचारा, आणि उत्तर 'उत्तम क्वालिटी' असं गोलमोल आलं तर गोंदच समजा. जेवायला थांबलात तर बोर्ड पाण्यातच तरंगता बांधून ठेवा. वर काढायचाच असेल तर तीन-चार पीएसआय हवा सोडा. बंद गाडीत फुगवलेला बोर्ड तर कधीच नको.

उलटही होतं. दुपारी ४० अंशांच्या हवेत भरलेला बोर्ड २५ अंशांच्या पाण्यात उतरला की दाब दीडेक पीएसआयने घसरतो. शिवाय पंपातून आलेली हवा दाबली गेल्यामुळे गरम असते. म्हणून दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा एकदा गेज लावायचं. गळतीची शंका येणाऱ्या दहा बोर्डांतले बहुतेक असे नुसते थंड झालेले असतात.

खरी गळती असेल तर आधी व्हॉल्व्ह बघा. झाकण उघडलं की मध्ये स्प्रिंगवरची एक पिन दिसते. पिन वर असेल तर हवा फक्त आत जाते. दाबून पाव वळसा फिरवून खाली अडकवली तर हवा बाहेर. फुगवताना पिन वरच हवी. खाली राहिली असेल तर दहा मिनिटांचं भरणं नळी काढताक्षणी फुस्स होतं. बंद व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावा. मधून बुडबुडे आले तर पिनच्या रबरावर वाळू आहे: बोर्ड रिकामा करून पिन चार-पाच वेळा दाबायची, ओल्या कापडाने पुसायची. कडेने आले तर व्हॉल्व्ह सैल झाला आहे. बोर्डासोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पान्याने थोडा आवळायचा, जोर न लावता. हा पाना अनेक जण खोक्यासोबत फेकून देतात.

दुसरी गळती बाभळीची. आपल्या धरणांच्या काठावर बाभूळ आणि वेडी बाभूळ माजलेली असते, वाळलेल्या फांद्या गाळात निम्म्या गाडलेल्या असतात, आणि बोर्ड टेकवायची जागा नेमकी तीच. काटा पाण्यावर असताना दिसला तर उपसू नका, तोच बूच असतो, काठ गाठा. घरी भोकाभोवती अॅसिटोनने पुसून घ्या. पीव्हीसीचा गोल तुकडा कापा, भोकापासून चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर जास्त. चौकोनी कापला तर कोपरे उचकटतात. पीव्हीसीचा गोंद दोन्हीकडे पातळ लावून पाच-सात मिनिटं थांबा, दुसरा हात द्या, बोटाला चिकटेल पण ओढला जाणार नाही असा झाला की तुकडा बसवा आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासत हवा काढा. चोवीस तास बोर्ड फुगवायचा नाही. लोक सहाव्या तासाला फुगवतात आणि गोंदाला शिव्या देतात. सायकलचं पंक्चर सोल्युशन इथे चालत नाही, ते रबरासाठी असतं. पीव्हीसीवरून दोन दिवसांत सोलून निघतं. सुईच्या टोकाएवढ्या भोकाला तुकड्याचीही गरज नसते, पारदर्शक युरेथेन अॅडहेसिव्हचा एक थेंब पुरतो.

फिनमध्येही इथलं पाणी बघूनच निवड करावी. टूरिंग बोर्डासोबत ९ इंची उभा फिन येतो. उघड्या, खोल पाण्यात बोर्ड सरळ चालवायला तो छान. हतनूरचा जलाशय गाळाने भरत आलेला, कडेला पाणी गुडघाभर आणि पाणवनस्पतींची दाटी; तिथे ९ इंची फिन आधी वनस्पती गोळा करतो, मग खुंटाला अडतो, आणि उभा असलेला माणूस नाकावरून पुढे जातो. साडेचार-पाच इंची, मागे झुकलेला फिन जादा घेऊन ठेवा. बोर्डाला यूएस बॉक्स (फिन बसवायची सर्वत्र चालणारी खाच) असेल तर कुठल्याही कंपनीचा फिन बसतो. क्लिप फिन बसवायला सोपा, पण मोडला तर त्याच कंपनीकडे डोळे लावून बसावं लागतं. यूएस बॉक्सचा स्क्रू आणि चौकोनी नट हरवायलाच जन्माला आलेले असतात, दोन जोड दुरुस्तीच्या डबीत टाका. फिन लावलेला ठेवून बोर्ड कधी गुंडाळू नका; उन्हात बॉक्स वाकतो आणि मग फिन तिरका बसून बोर्ड एका बाजूला ओढतो.

सुरक्षेत कसलीच हलकी आवृत्ती घेऊ नये. कमरेचं, सिलिंडरने फुगणारं लाइफ जॅकेट पिशवीत मुठीएवढी जागा घेतं हे खरं. पण त्याचं सिलिंडर एकदाच चालतं, विमानात कंपनीची मंजुरी लागते आणि जळगाव-धुळ्यात बदली सिलिंडर सहज मिळत नाही. ५० न्यूटनचं (तरंगवायच्या ताकदीचं माप) फोमचं जॅकेट पिशवीबाहेर बांधा. साठलेल्या पाण्यात पायाची गुंडाळी लीश ठीक. वाहत्या तापीत किंवा खुंटांच्या पाण्यात पायाची लीश अडकली की हात तिथवर पोचत नाही, म्हणून कमरेच्या पट्ट्याची, एका झटक्यात सुटणारी घ्यावी. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजांमागे साठलेलं लांबलचक संथ पाणी टूरिंगला मोहात पाडणारं आहे, पण बॅरेजच्या भिंतीपासून बरंच अलीकडे वळावं; खाली पडणारं पाणी माणसाला तिथेच घुसळत ठेवतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना धरणाच्या वर किंवा खाली बोर्ड उतरवणं हा प्रश्नच नाही. मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पहाटे ते दहा. जलाशय जलसंपदा विभागाचे, मासेमारीचे ठेके वेगळे; परवानगी आधी विचारा आणि भोईंची जाळी कुठे लावली आहेत तेही. थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तरंगणारे तुकडे एका रांगेत दिसले की खाली जाळं आहे.

पहिल्याच खेपेला लाखाचा बोर्ड घ्यायची गरज नाही. डेकॅथलॉनसारख्या खेळसामानाच्या दुकानांतले बोर्ड इथे मिळतात, सुटे भाग मिळतात, आणि हा मुद्दा कागदावरच्या अर्ध्या किलोपेक्षा मोठा आहे. जुना बोर्ड घेत असाल तर १५ पीएसआयला फुगवून एक रात्र घरात ठेवा. सकाळी त्याच तापमानाला पीएसआयभर उतरला तर चालेल, चार उतरला तर सौदा मोडा. कडेच्या पट्टीवर नख फिरवून कुठे उचकटलं आहे का तेही बघा, विशेषतः नाकापाशी.

साठवणीत पत्र्याची खोली टाळा, उंदीरही. बोर्ड पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून ठेवायचा. कापसाच्या गाठीसारखा करकचून बांधला तर घडीवर पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच भेग जाते. प्रवासासाठी घट्ट करायचा असेल तर पंपाची नळी ओढायच्या तोंडाला लावून उरलेली हवा काढा, मग शेपटीऐवजी नाकाकडून गुंडाळत व्हॉल्व्हकडे या. बहुतेक बोर्डांचा व्हॉल्व्ह शेपटीकडे असतो, आणि उलट गुंडाळलं की राहिलेली हवा मध्येच अडकून पिशवीची चेन लागत नाही.